सकाळी सहाचं कॉर्टिसोल

मंगलताईंना (नाव बदललं आहे) मी जमिनीवर उकिडवं बसायला सांगितलं आणि हात न टेकता उठून दाखवा म्हणाले. बसल्या. उठताना मांड्या लटपटायला लागल्या, एका बाजूला कलल्या आणि शेवटी टेबलाचा पाय धरून कशाबशा उभ्या राहिल्या. वय चौतीस. बार्शी तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका. वर्षानुवर्षं पोरांबरोबर खाली बसून काम केलेल्या बाईला आता खुर्चीशिवाय जमत नव्हतं.

चेहरा गोल आणि लालबुंद, मानेमागे चरबीचा उंचवटा, पोट सुटलेलं, आणि हातपाय मात्र काटकुळे. पोटावर जांभळे पट्टे होते, एकेक माझ्या करंगळीएवढा रुंद. बाळंतपणाचे वण पांढुरके आणि बारीक असतात, हे तसे नव्हते. रक्तदाब मोजायला सिस्टरनी दंडाला पट्टा बांधला होता, तिथे निळा डाग उमटला होता.

"मी काहीच खाईना म्याडम, तरी फुगायलेय," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "गावातल्या बाया म्हणतात, पोरांचा खाऊ हीच खायलीय."

हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. बाकीच्या कुठल्याही तक्रारीपेक्षा त्यांना हेच जास्त लागलं होतं.

फाईल जाड होती. साखरेची गोळी एका डॉक्टरांची, रक्तदाबाच्या गोळ्या दुसऱ्यांच्या, पाळी चुकते आणि हनुवटीवर केस येतात म्हणून तिसरीकडे उपचार, पाठदुखीसाठी चौथीकडे. पाठीच्या एक्सरेत एक मणका चेपलेला स्पष्ट दिसत होता. ज्यानं त्यानं आपापला भाग नीट पाहिला होता. हे सगळं एकाच बाईला, तेही या वयात का होतंय, हा प्रश्न मात्र कुणाच्याच वाट्याला आला नव्हता.

मी मुंबईत अंतःस्रावी ग्रंथींची, म्हणजे संप्रेरकं (हार्मोन्स) बनवणाऱ्या ग्रंथींची डॉक्टर आहे. असा चेहरा दारातून आत आला की माझा पहिला प्रश्न औषधांचा असतो. सांधेदुखीची पुडी? दम्याचं चूर्ण? गोरं होण्याची क्रीम? आपल्याकडे असे गोल चेहरे बहुतेक वेळा बाहेरून पोटात किंवा कातडीत गेलेल्या स्टेरॉइडमुळे झालेले असतात. पुडी देणारा त्यात काय घातलंय ते सांगत नाही आणि घेणाऱ्याला दोन दिवसांत बरं वाटतं. मंगलताईंच्या नवऱ्यानं घरातल्या सगळ्या डब्या-बाटल्या पिशवीत भरूनच आणल्या होत्या. त्यात तसं काही नव्हतं. म्हणजे जास्तीचं स्टेरॉइड शरीरच बनवत असणार.

दुसरी गोष्ट मी मागते ती जुने फोटो. त्यांनी फोनवर पाच वर्षांपूर्वीचं हळदीकुंकू दाखवलं. मला त्यात त्या सापडल्याच नाहीत, नवऱ्यानं बोट ठेवून दाखवल्या.

शरीराचं हे स्वतःचं स्टेरॉइड म्हणजे कॉर्टिसोल. हे संप्रेरक मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी बनवतात, पण किती बनवायचं ते ठरवते मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका, म्हणजे पिट्युटरी. वाटाण्याएवढी गाठोळी, वजन साधारण अर्धा ग्रॅम. नाकाच्या मुळामागे कवटीच्या तळाला हाडाची एक खोबण असते, तिच्यात ती बसलेली असते. डाव्या-उजव्या बाजूंना मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या, डोक्यावर डोळ्यांच्या नसा. या ग्रंथीत काही मिलीमीटरची गाठ झाली, तीही कर्करोगाची नव्हे, आणि ती एसीटीएच नावाचा हुकूम रात्रंदिवस सोडत राहिली की खालच्या ग्रंथी थांबायचं नाव घेत नाहीत. हा कुशिंगचा आजार. हार्वे कुशिंग या अमेरिकन सर्जननी १९१२ मध्ये मिनी जी. नावाच्या तेवीस वर्षांच्या मुलीची केस लिहिली आणि १९३२ मध्ये या आजाराचा संबंध पिट्युटरीतल्या बारक्या गाठींशी जोडला. ज्या काळात उपचार नव्हते त्या काळात पाच वर्षांत साधारण निम्मे रुग्ण दगावत. हृदयविकार, जंतुसंसर्ग, रक्ताच्या गुठळ्या. लठ्ठपणा म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही.

तपासण्यांचं फार लांबवत नाही. रात्री अकराला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची एक मिलीग्रॅमची गोळी द्यायची आणि सकाळी आठला रक्त घ्यायचं. निरोगी माणसाचं कॉर्टिसोल १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली जातं, ताईंचं १९ होतं. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये गोळा केली, तीही तेच सांगत होती. एसीटीएच दबलेलं नव्हतं, म्हणजे खालच्या ग्रंथी आपल्या मनानं नव्हे, हुकमानं चालल्या होत्या. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला चार मिलीमीटरची पुसटशी सावली दिसली. पण दहा धडधाकट माणसांचे एमआरआय काढले तर एखाद्याच्या पिट्युटरीत असा निरुपद्रवी ठिपका निघतोच, आणि खऱ्या कुशिंगच्या कितीतरी रुग्णांत एमआरआयवर काहीच दिसत नाही. म्हणून हुकूम खरंच पिट्युटरीतून सुटतोय का हे पाहायला जांघेतल्या शिरांमधून दोन बारीक नळ्या थेट कवटीच्या तळापर्यंत नेऊन दोन्ही बाजूंचं रक्त घेतलं. तिथलं एसीटीएच हातातल्या रक्ताच्या कितीतरी पट निघालं. आता शंका उरली नव्हती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी, आमचे न्यूरोसर्जन सर, मंगलताई आणि त्यांचा नवरा असे बसलो. सर नाकातून दुर्बिणीनं जाणार होते. हा मार्ग शंभरएक वर्षांपूर्वीच सापडला होता, पण खुद्द कुशिंगनीही तो पुढे सोडला. साठच्या दशकात माँट्रियलच्या ज्यूल्स हार्डींनी तिथे सूक्ष्मदर्शक नेला, आणि निरोगी ग्रंथीला धक्का न लावता एवढीशी गाठ वेचून काढता येते हे दाखवलं. त्यानंतर दुर्बीण आली. तरीही हात कुणाचा आहे याला अजून तितकंच महत्त्व आहे. वर्षात दोनचार पिट्युटरी करणारा सर्जन आणि आठवड्याला करणारा सर्जन यांच्या निकालांत फरक पडतो, हे मी प्रत्येक रुग्णाला सांगते. लांब पडलं तरी जिथे ही ऑपरेशनं नेहमी होतात तिथेच जा, असा माझा आग्रह असतो.

आकडे मी लपवत नाही. गाठ लहान असेल आणि हात मुरलेला असेल तर दहांतल्या सात-आठ जणांचा आजार आटोक्यात येतो, काही ठिकाणी नऊंचाही. त्यांतल्याही काहींना तो पुढच्या वर्षांत पुन्हा गाठतो. लघवी बेसुमार होऊ शकते, नाकातून मेंदूतलं पाणी गळू शकतं, बाकीची संप्रेरकं कमी पडू शकतात.

मंगलताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "खाली बसता येईल का मला, पोरांत?"

"येईल," मी म्हणाले, "पण लगेच नाही. आधी आत्तापेक्षा वाईट वाटेल. बरेच महिने."

नवऱ्यानं मान हलवली. नंतर कळलं, ते वाक्य त्यांच्या कानावरून गेलं होतं. त्यांना ऐकू आलं होतं ते फक्त "येईल".

ऑपरेशनच्या दिवशी थिएटरात पहिली केस दुसरीच होती. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, संप्रेरक न बनवणारी तीन सेंटिमीटरची गाठ, डोळ्यांच्या नसा खालून उचलून धरलेल्या. दोन्ही बाजूंचं दिसणं गेलेलं, रस्ता ओलांडताना रिक्षा दिसायची नाही. संध्याकाळी ते शुद्धीवर आले आणि मान न वळवता बाजूच्या भिंतीवरचं घड्याळ वाचून दाखवलं. मुलगा रडायलाच लागला. सगळ्यांचंच इतक्या लवकर सुधारत नाही, पण सुधारलं की ते असं सगळ्या घराला दिसतं.

मंगलताईंचा निकाल असा कुणाला दिसणार नव्हता. सरांनी बाहेर येऊन सांगितलं, "गाठ मिळाली, मऊ होती, पूर्ण काढली असं वाटतंय." "वाटतंय" हा शब्द आम्ही जपून वापरतो. तीन-चार मिलीमीटरची गाठ, तिचा कणभर जरी मागे राहिला तरी तो डोळ्यांना दिसत नाही. लगेच काढलेल्या एमआरआयमध्येही कळत नाही. कळतं ते फक्त रक्तातून. गाठ खरोखर पूर्ण गेली असेल तर कॉर्टिसोल धाडकन कोसळतं, कारण हुकूम देणारी गेली आणि इतकी वर्षं तिच्यामुळे दबून राहिलेल्या निरोगी पेशी झोपलेल्या असतात. म्हणून ऑपरेशननंतर आम्ही मुद्दाम स्टेरॉइड देत नाही. रुग्ण आयसीयूत डोळ्यांसमोर ठेवायचा, दर सहा तासांनी रक्त घ्यायचं आणि वाट पाहायची. हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे औषधरूपातल्या कॉर्टिसोलचं, इंजेक्शन भरून उशाशी तयार असतं.

पहिल्या रात्री लघवीनं घोळ घातला. आमच्या आयसीयूतल्या सिस्टर दर तासाला मापाचं भांडं उजेडात धरून आकडा लिहीत होत्या. ३००, ३८०, ४२० मिलीलिटर, पाण्यासारखी फिकी. ताईंना तहान भागत नव्हती. रक्तातलं सोडियम चढून १४७ वर गेलं. पिट्युटरीचा मागचा भाग दुखावला की शरीराला पाणी धरून ठेवता येत नाही. पाणी धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाचं काम करणाऱ्या डेस्मोप्रेसिनचा एक छोटा डोस दिला, पहाटेपर्यंत भांडं ताळ्यावर आलं.

सकाळी सहाचं कॉर्टिसोल आलं १४. मी तो आकडा बराच वेळ पाहत राहिले. चौदा म्हणजे धड पडलेलंही नाही आणि धड चढलेलंही नाही. सरांना फोन केला. ते म्हणाले, "थांबू या." दुपारी कॉर्टिसोल ९ वर आलं, संध्याकाळी ५.५ वर. उतरत होतं, पण पाचाच्या आसपास अडकून राहणारी कॉर्टिसोलं आम्ही पाहिलेली आहेत, आणि त्यांतली काही वर्षभरात परत चढलेलीही.

दुसऱ्या रात्री ताईंना मळमळायला लागलं. पहाटे उलटी झाली. डोकं ठणकत होतं, अंगात त्राण नव्हतं, कूस बदलायलाही सिस्टरांचा हात लागत होता. सहाला रक्त घेतलं आणि रेसिडेंट मुलगा ट्यूब हातात घेऊन स्वतः लॅबमध्ये गेला. सातच्या सुमाराला त्याचा फोन आला. "मॅडम, एक पूर्णांक एक."

मी जोरात "वा!" म्हणाले. समोर ताईंचा नवरा उभा होता. त्यांनी बायकोला नुकतंच उलटी करताना पाहिलं होतं, आणि डॉक्टरीणबाई फोनवर आनंदानं ओरडत होत्या. त्यांचा चेहरा बघून मी त्यांना बाहेरच्या बाकावर घेऊन बसले.

"फसलं का म्याडम?"

"नाही दादा. हेच पाहिजे होतं."

मग त्यांना कळेल असं सांगितलं. घरात एकानंच सगळा कारभार हाती घेतला की बाकीच्यांना काम करायची सवय राहत नाही. तो एक गेला की घर लगेच चालू होत नाही. ताईंची चांगली ग्रंथी तशी बसून आहे, तिला उठायला वर्ष लागेल, कधी जास्तही. तोवर जे शरीर बनवत नाही ते आपण गोळीनं द्यायचं. त्यांनी विचारलं, "म्हंजे आधी जास्त झालं म्हणून काढलं, आता तेच कमी पडतंय म्हणून द्यायचं?" हो, अगदी तेच. तासाभरात इंजेक्शन दिलं. दुपारी ताई उठून बसल्या आणि चहा मागितला.

कॉर्टिसोल २ च्या खाली जाणं हे आम्हाला मिळणाऱ्या खुणांपैकी सगळ्यात भरवशाचं. तरी आम्ही "बरी झाली" म्हणत नाही, "आजार शमला" म्हणतो. प्रत्येक गाठीचा निकाल असा वेगळ्या मापानं मोजावा लागतो. हातपाय-जबडा वाढवणाऱ्या गाठीत तीन महिन्यांनी रक्तातलं आयजीएफ-१ (वाढीच्या संप्रेरकाची खूण) पाहायचं, डोळ्यांवर दाब देणाऱ्या गाठीत दृष्टिक्षेत्राचा नकाशा, आणि प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या गाठीला तर बहुतेक वेळा ऑपरेशनची गरजच नसते, कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी ती आकसते. "पिट्युटरीचं ऑपरेशन यशस्वी" या एका वाक्यात हे सगळं कोंबलं जातं तेव्हा मला त्रास होतो.

पाचव्या दिवशी डिस्चार्ज दिला, पण गावी जाऊ दिलं नाही. कल्याणला त्यांची चुलत नणंद होती, तिच्याकडे राहा आणि आठव्या दिवशी रक्त द्यायला या, म्हणून नवऱ्याला बजावलं. आठव्या दिवशी सोडियम घसरून १२४ वर आलेलं. पहिल्या रात्री पाणी धरून ठेवणारं संप्रेरक कमी पडलं होतं, आता दुखावलेल्या पेशींतून तेच जास्त झिरपत होतं. हे साधारण चौथ्या ते दहाव्या दिवसात होतं, म्हणजे नेमकं रुग्ण घरी गेल्यावर. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गप्प होतो, आणि लक्ष गेलं नाही तर झटके येतात. घरचे समजतात, मेंदूचं ऑपरेशन होतं, त्याचाच परिणाम असेल. ताईंना भरती केलं, दिवसाचं पाणी लिटरभरावर आणलं, तीन दिवसांत सोडियम वर आलं. गावी असत्या तर तालुक्याला पोचेपर्यंत काय झालं असतं याचा विचार मला करवत नाही. दहा दिवस इथेच राहा, या माझ्या हट्टाला काही नातेवाईक वैतागतात. वैतागू देत.

खरी कसोटी पुढे होती. दुसऱ्या महिन्यात नवऱ्याचा फोन आला, "म्याडम, राग नका मानू, पण आधी बरी होती. आता नुसती झोपून असते. सांधे दुखतात, अंगाची सालं निघायलीत, कारण नसताना रडते." वर्षानुवर्षं कॉर्टिसोलच्या पुरात राहिलेल्या शरीराला नेहमीइतकं कॉर्टिसोलसुद्धा दुष्काळासारखं वाटतं. गोळीचा डोस कागदावर बरोबर असतो, सोडियम-पोटॅशियम बरोबर असतं, आणि माणूस मात्र पार खचलेला असतो. सासू, शेजारणी, अंगणवाडीची मदतनीस, सगळे विचारत होते, एवढं मोठं ऑपरेशन करून काय मिळवलं? ताईंकडे त्याचं उत्तर नव्हतं. आरशातही अजून तोच गोल चेहरा होता.

आणि याच काळात कुणीतरी त्यांना सांगितलं की स्टेरॉइड वाईट असतं, कमी कर. सकाळची दहा मिलीग्रॅमची गोळी त्या अर्धी करून घ्यायला लागल्या, दुपारची बंद केली. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. ज्या स्टेरॉइडनं एवढं छळलं ते आपल्या हातानं तोंडात टाकायचं, हे कुठल्याही शहाण्या माणसाला पटायला अवघडच आहे. मग एका संध्याकाळी ताप आला, जुलाब-उलट्या सुरू झाल्या. गावातल्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा रक्तदाब ७० वर होता. ब्लाउजला शिवलेल्या खिशात आमचं कार्ड होतं. मराठीत, ठळक अक्षरांत: या रुग्णाचं शरीर कॉर्टिसोल बनवत नाही, उलट्या किंवा बेशुद्धी असल्यास ताबडतोब हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलीग्रॅम द्या, खाली फोन नंबर. डॉक्टरांनी फोन लावला. ते थबकले होते, आणि त्यांची शंका रास्त होती. "मॅडम, कुशिंगच्या पेशंटला स्टेरॉइड देऊ?"

"द्या, आत्ता द्या, सलाइनबरोबर."

दम्यासाठी, ॲलर्जीसाठी ठेवलेलं तेच इंजेक्शन त्यांच्या कपाटात होतं. अर्ध्या-पाऊण तासानं त्यांचाच फोन आला, रक्तदाब १०० वर आहे, बोलतायत. त्या डॉक्टरांचे मी आजही आभार मानते. अनोळखी आजारात कार्ड वाचून फोन करण्याइतकी फुरसत त्यांनी काढली.

त्या घटनेनंतर ताईंनी गोळी चुकवली नाही. ताप आला की दुप्पट, उलटी झाली की इंजेक्शन, हे त्यांचा धाकटा मुलगासुद्धा म्हणून दाखवायचा. सहाव्या महिन्यापासून चेहरा उतरायला लागला. वर्षभरात वजन अठरा किलोंनी कमी झालं, साखरेची गोळी सुटली, पाळी आली, जांभळे पट्टे पांढुरके पडले. चौदाव्या महिन्यात चाचणी केली तेव्हा त्यांची स्वतःची ग्रंथी जागी झालेली होती. हायड्रोकॉर्टिसोन बंद केलं. चेपलेला मणका मात्र तसाच राहिला, रक्तदाबाची एक गोळी राहिली. आजार गेला तरी त्यानं केलेली सगळी मोडतोड भरून येत नाही, आणि निदानाला जितका उशीर तितकी ती जास्त. हळदीकुंकवाच्या फोटोनंतर पाच वर्षं गेली होती, ती कुणी परत देऊ शकत नाही.

आणि सगळ्यांचं असं होतही नाही. त्याच वर्षी माझ्याच वॉर्डात विशीतल्या एका मुलीचं कॉर्टिसोल ऑपरेशननंतर खाली आलंच नाही. दुसरं ऑपरेशन झालं, तेही अपुरं ठरलं, रेडिएशन दिलं. त्याचा गुण यायला वर्षं लागतात, तोवर कॉर्टिसोल दाबणाऱ्या गोळ्या आणि यकृताच्या तपासण्या. शेवटचा उपाय म्हणून दोन्ही अधिवृक्क ग्रंथी काढायचा पर्याय आम्ही तिच्या आईवडिलांपुढे ठेवला आहे. तिचे सर्जनही तेच होते, दुर्बीणही तीच. मी आकड्यांत दरवेळी सांगते त्या उरलेल्या दोन-तीन जणांत ती आली.

आता ऑपरेशनआधीच्या बैठकीत मी एक बदल केला आहे. आकडे सांगून झाले की मंगलताईंना फोन लावते, त्यांनी आनंदानं परवानगी दिली आहे, आणि नव्या रुग्णाशी, खरं तर रुग्णाच्या घरच्यांशी त्यांना बोलायला देते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात काय होतं ते त्या माझ्यापेक्षा नीट सांगतात. कधी रडायला येतं, जिना चढताना कुठे थांबावं लागतं, सासूला काय सांगायचं, कार्ड कुठे शिवायचं. नवरे आणि आया त्यांचं ऐकतात.

आजार परत येऊ शकतो, दहा वर्षांनीही, म्हणून दरवर्षी रात्री अकराला काढलेले लाळेचे दोन नमुने बरोबर घेऊन ताई मुंबईला येतात. यंदा दिवाळीची सुट्टी लागल्यावर आल्या, अंगणवाडीतल्या पोरांच्या वजनांचं रजिस्टर गाडीत भरायला बरोबरच आणलं होतं. दोन्ही नमुने नॉर्मल आले. हाडांची तपासणी मागच्यापेक्षा थोडी बरी आहे, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व चालू ठेवायला सांगितलंय.